पंचसिला आणि धर्मस्वातंत्र्य: इंडोनेशियाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या देशाने आपली अधिकृत विचारसरणी घटनेतच लिहून ठेवली, तर तिथल्या माणसाच्या श्रद्धेचं स्वातंत्र्य टिकतं का? या प्रश्नावर मोघम बोलून काही हाती लागत नाही, एखादा खरा देश समोर ठेवावा लागतो. इथे इंडोनेशिया घेतला आहे. तिथली विचारसरणी समजूतदार माणसांनी, एकमेकांसाठी दोन पावलं मागे सरून घडवली. आणि तरीही तिच्या नावाखाली काही जणांना शाळेत, लग्नात, ओळखपत्रावर आणि तुरुंगात किंमत मोजावी लागली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून हे उदाहरण शिकण्यासारखं आहे.

पंचसिला म्हणजे काय? आपल्या पंचशीलाशी तिचा संबंध आहे का?

नावापुरता. बौद्ध पंचशील माणूस स्वतःहून घेतो. १९५४ च्या भारत-चीन करारातलं पंचशील देशांनी एकमेकांशी कसं वागावं हे सांगतं. इंडोनेशियाची पंचसिला हा राज्याचा पाया आहे: एकमेव परमेश्वरावर श्रद्धा, न्याय्य आणि सुसंस्कृत मानवता, इंडोनेशियाची एकता, विचारविनिमयातून प्रतिनिधींमार्फत चालणारी लोकशाही, आणि सर्वांसाठी सामाजिक न्याय. घटनेच्या प्रास्ताविकात ही पाच तत्त्वं आहेत, राष्ट्रचिन्हातल्या गरुडाच्या छातीवर त्यांची पाच चिन्हं आहेत आणि शाळांतल्या सोमवारच्या ध्वजवंदनाला मुलं ती म्हणतात. उरलेल्या चार तत्त्वांवर फारसं कुणाचं भांडण नाही. या पानावरचे जवळपास सगळे प्रश्न पहिल्या तत्त्वातून निघतात.

पहिल्या तत्त्वात परमेश्वर आला कसा?

तेव्हा इंडोनेशिया जपानच्या ताब्यात होता. १ जून १९४५ रोजी पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेल्या सुकार्णोंनी स्वातंत्र्याच्या तयारीसाठी नेमलेल्या समितीपुढे भाषण केलं आणि पाच तत्त्वं मांडली. त्यांच्या यादीत राष्ट्रीयता पहिली होती आणि ईश्वरश्रद्धा शेवटची. प्रत्येकाने आपापल्या देवाची उपासना करावी, दुसऱ्याच्या धर्माचा मान राखून करावी, असा त्यांचा सूर होता.

इस्लामी नेत्यांना हे पुरेसं वाटलं नाही. त्यातून नऊ जणांची समिती बसली. तीत ए. ए. मारामिस हे एकटेच ख्रिस्ती होते. २२ जूनला या समितीने 'जकार्ता सनद' तयार केली. तीत ईश्वरश्रद्धा पहिल्या क्रमांकावर आली आणि तिला शेपूट जोडलं गेलं: 'इस्लामच्या अनुयायांवर शरियत पाळण्याच्या बंधनासह'. मूळ भाषेत हे सात शब्द आहेत आणि इंडोनेशियाचं निम्मं राजकारण आजही या सात शब्दांभोवती फिरतं.

१७ ऑगस्टला स्वातंत्र्य जाहीर झालं. त्या संध्याकाळी सुकार्णोंचे सहकारी मोहम्मद हात्तांकडे जपानी नौदलाचा एक अधिकारी निरोप घेऊन आला: हे शब्द राहिले तर पूर्वेकडचा ख्रिस्ती प्रदेश नव्या देशात येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हात्तांनी मुस्लिम नेत्यांना गाठलं. मुहम्मदिया संघटनेचे की बागुस हादीकुसुमो यांची समजूत काढणं सगळ्यांत कठीण गेलं. शेवटी सात शब्द गेले आणि त्यांच्या जागी 'केतुहानान यांग महा एसा', म्हणजे 'एकमेव परमेश्वराची श्रद्धा', हे शब्द आले.

हा प्रसंग मी मुद्दाम सविस्तर सांगतो. बहुसंख्याकांनी, हातात सत्ता येत असताना, अल्पसंख्याकांसाठी आपली सर्वांत प्रिय मागणी एका सकाळीत सोडली. जगाच्या इतिहासात असं फार वेळा घडलेलं नाही. पंचसिलेवर टीका करताना हे विसरणं अन्यायाचं होईल.

म्हणजे इंडोनेशिया इस्लामी देश आहे की धर्मनिरपेक्ष?

दोन्ही नाही. २०१० च्या जनगणनेत सुमारे ८७ टक्के लोक मुस्लिम होते, सुमारे १० टक्के ख्रिस्ती, १.७ टक्के हिंदू. तरी घटनेत राज्याचा धर्म म्हणून इस्लामचं नाव नाही. पण कलम २९ म्हणतं की राज्य एकमेव परमेश्वरावरील श्रद्धेवर आधारलेलं आहे आणि त्याच कलमाचा दुसरा भाग प्रत्येकाला आपापला धर्म पाळण्याचं आणि आपल्या धर्मानुसार व श्रद्धेनुसार उपासना करण्याचं स्वातंत्र्य देतो. १९४६ च्या जानेवारीपासून तिथे धर्म मंत्रालय आहे.

हा तोडगा सगळ्यांना पटला होता असंही नाही. १९५६ ते १९५९ या काळात बांडुंगमध्ये संविधान सभा बसली आणि राज्याचा पाया पंचसिला असावा की इस्लाम यावरच अडली. सुकार्णोंनी ५ जुलै १९५९ ला हुकूम काढून ती सभा विसर्जित केली आणि १९४५ ची घटना परत आणली. लोकप्रतिनिधींनी चर्चा पूर्ण करून घेतलेला निर्णय इथे नाही, ही उणीव पुढे वारंवार डोकं वर काढते.

अधिकृत विचारसरणी असणं हेच आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध आहे का?

नाही. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम १८ विचार, सद्सद्विवेक आणि धर्म यांचं स्वातंत्र्य देतं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने १९९३ मध्ये या कलमावर २२ वी सर्वसाधारण टिप्पणी काढली. तिच्या दहाव्या परिच्छेदाचा आशय असा: एखाद्या देशाने काही विश्वास घटनेत, कायद्यात किंवा प्रत्यक्ष व्यवहारात अधिकृत विचारसरणी म्हणून मानले, तर त्यामुळे कलम १८ चं स्वातंत्र्य कमी होता कामा नये आणि ती विचारसरणी न स्वीकारणाऱ्यांशी भेदभाव होता कामा नये.

याच टिप्पणीत आणखी दोन गोष्टी आहेत. कलम १८ देव मानणाऱ्यांना जितकं लागू आहे तितकंच न मानणाऱ्यांनाही. आणि मनात काय मानायचं यावर कोणतीही मर्यादा घालता येत नाही. मर्यादा घालता येते ती फक्त बाहेरच्या आचरणावर, कायद्याने, आणि सुरक्षा, सुव्यवस्था, आरोग्य, नीती किंवा इतरांचे हक्क यांसाठी गरजेची असेल तेवढीच. नीतीच्या नावाने मर्यादा घालायची तर ती नीती एकाच परंपरेतून उचललेली चालत नाही.

इंडोनेशियाने २००५ मध्ये कायदा करून हा करार स्वीकारला. त्यामुळे ही कसोटी परक्यांनी लादलेली आहे असं म्हणायला जागा उरत नाही. कसोटी साधी आहे. विचारसरणीने राज्याला बांधावं. नागरिकाच्या मनाची परीक्षा घ्यायला ती वापरली, की करार मोडला. पुढच्या प्रत्येक उत्तरात मी हेच तपासलं आहे.

सहाच धर्मांना मान्यता आहे, हे खरं का?

व्यवहारात हो, कायद्यात गुंतागुंत आहे. १९६५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेश क्रमांक १ च्या स्पष्टीकरणात सहा धर्मांची नावं आहेत: इस्लाम, प्रोटेस्टंट, कॅथलिक, हिंदू, बौद्ध आणि कन्फ्यूशियन. ज्यू, पारशी, शिंतो, ताओ यांच्यावर बंदी नाही, असंही तिथेच लिहिलं आहे. पण बंदी नसणं वेगळं आणि सरकारी फॉर्मवर चौकट असणं वेगळं. धर्म मंत्रालयाची मदत, शाळेतला धर्मशिक्षक, लग्नाची नोंद, हे सगळं त्या सहांभोवती उभं राहिलं.

आणि ही यादीसुद्धा राज्याच्या मर्जीवर हलली. सुकार्णोंनंतर सत्तेवर आलेल्या सुहार्तोंच्या काळात, १९६७ च्या एका आदेशाने चिनी वंशाच्या लोकांच्या धार्मिक चालीरीती घराच्या चार भिंतींत कोंडल्या गेल्या आणि कन्फ्यूशियन धर्म यादीतून जवळपास नाहीसा झाला. २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी तो आदेश रद्द केला. वाहिद म्हणजे 'गुस दुर', नहदलातुल उलेमा या प्रचंड मुस्लिम संघटनेचे माजी अध्यक्ष. २००३ पासून चिनी नववर्षाला राष्ट्रीय सुट्टी आहे. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत ज्यांनी कागदावर बौद्ध किंवा ख्रिस्ती लिहिलं, त्यांच्या धर्माचा निर्णय कुणी घेतला होता, हे विचारायला हवं.

बालीतल्या हिंदूंनी 'एकच देव' का मान्य केला?

बालीला जाऊन आलेल्या मराठी माणसांना हा प्रश्न हमखास पडतो. देवळात मूर्ती कमी, आणि कमळाच्या आकाराचं उंच दगडी आसन मात्र रिकामं, असं का?

स्वातंत्र्यानंतर धर्म मंत्रालयाच्या लेखी बालीच्या परंपरेला धर्म म्हणावं असं काही नव्हतं. धर्म म्हटला की एक देव हवा, ग्रंथ हवा, प्रेषित हवा, अशी अपेक्षा होती. मान्यता नाही म्हणजे बालीचे लोक धर्मांतराच्या प्रयत्नांना मोकळं रान. मग बालीच्या सुशिक्षितांनी कंबर कसली. इडा बागुस मंत्र यांच्यासारखे तरुण शांतिनिकेतनात शिकून आले होते. हेच पुढे बालीचे गव्हर्नर झाले. गायत्री मंत्राने सुरू होणारी त्रिसंध्या दिवसातून तीनदा म्हणायची प्रार्थना म्हणून रूढ झाली. सर्व देवदेवता ही 'संग ह्यांग विधी वासा' या एकाच परमेश्वराची रूपं आहेत, अशी मांडणी झाली. १९५८ मध्ये सुकार्णोंपर्यंत निवेदन गेलं आणि मंत्रालयात बाली-हिंदू विभाग मंजूर झाला. १९५९ मध्ये 'परिषद' ही मध्यवर्ती धर्मसंस्था स्थापन झाली.

परंपरा बदलत असतातच. एकं सत् म्हणणारा ऋग्वेद बालीच्या लोकांनी शोधून काढला नाही, तो होताच. तरी मला खटकतं ते हे, की कोणतं वचन पुढे करायचं आणि कोणतं मागे ठेवायचं, हे मंत्रालयाच्या दाराकडे बघून ठरवावं लागलं. फायदाही मोठा झाला. आज न्येपीच्या, म्हणजे बालीच्या मौनाच्या नववर्षदिनी संपूर्ण बाली चोवीस तास स्तब्ध असते, विमानतळसुद्धा बंद राहतो आणि देशभर सरकारी सुट्टी असते. ८७ टक्के मुस्लिम असलेल्या देशात हे घडतं, आणि यात पंचसिलेचा वाटा आहे.

बुद्धाच्या धम्मात ईश्वर नाही. मग तिथल्या बौद्धांनी काय केलं?

१९६५ नंतर हा प्रश्न जीवन-मरणाचा झाला. (त्याविषयी पुढच्या उत्तरात आहे.) आशिन जिनरक्खित या भिक्षूंनी जुन्या जावानीज बौद्ध परंपरेतली 'संघ्यांग आदि बुद्ध' ही संकल्पना पुढे आणली आणि हाच आमचा परमेश्वर, असं सरकारला सांगितलं. थेरवादी मंडळींना हे पटेना. त्यांनी उदान ग्रंथातल्या 'अजात, अकृत, असंस्कृत' या वचनाचा आधार घेतला. म्हणजे निर्वाणाचं वर्णन परमेश्वराच्या रकान्यात बसवलं.

नागपूरच्या दीक्षाभूमीशी ज्यांच्या घरचं नातं आहे, त्यांना यातली वेदना वेगळी समजावून सांगायला नको. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये जो धम्म दिला, त्यात ईश्वराला नकार ही आडबाजूची गोष्ट नाही, ती मुक्तीची अट आहे. असा बौद्ध जकार्तात जन्मला असता तर ओळखपत्रावर त्याला 'बौद्ध' लिहिता आलं असतं. पण शाळेत सोमवारी एकमेव परमेश्वराची श्रद्धा म्हणताना त्याने काय करावं? पंचसिलेचे समर्थक सांगतात की तो शब्द व्यापक आहे, ज्याने त्याने आपला अर्थ भरावा. अर्थ भरायचं स्वातंत्र्य आहे हे खरं. रकाना रिकामा ठेवायचं स्वातंत्र्य नाही, हेही खरं.

१९६५ मध्ये असं काय झालं?

लष्करातल्या फसलेल्या उठावाचा ठपका कम्युनिस्ट पक्षावर ठेवला गेला आणि १९६५-६६ मध्ये किमान पाच लाख माणसं मारली गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १९६६ मध्ये कम्युनिस्ट पक्षावर आणि मार्क्सवादाच्या प्रचारावर बंदी आली. कम्युनिस्ट म्हणजे नास्तिक आणि धर्म नसलेला म्हणजे कम्युनिस्ट, हे समीकरण घट्ट झालं. मान्य धर्मांपैकी एखादा नावापुढे असणं हे जिवंत राहण्याचं साधन ठरलं, आणि जावात कितीतरी लोकांनी त्या काळात ख्रिस्ती किंवा हिंदू धर्म घेतला. धर्माचा रकाना आजही तिथे इतका संवेदनशील का आहे, याचं मूळ इथे आहे.

स्थानिक, आदिवासी श्रद्धांचं काय?

मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त हलवणारा भाग हाच आहे.

इंडोनेशियाचा कायदा 'अगामा' म्हणजे धर्म आणि 'कपरचायान' म्हणजे श्रद्धा असे दोन वर्ग करतो. सुम्बा बेटावरचे मारापू, सुमात्रातले पारमालीम, पश्चिम जावातले सुंदा विवितान, हे सगळे दुसऱ्या वर्गात. १९७८ मध्ये सुहार्तो राजवटीने अधिकृतपणे ठरवलं की श्रद्धा म्हणजे धर्म नव्हे. त्यांचा कारभार धर्म मंत्रालयाकडे न जाता शिक्षण-संस्कृती खात्याकडे गेला. शेकडो वर्षं या बेटांवर असलेली उपासना 'संस्कृती' ठरली आणि बाहेरून आलेले धर्म 'धर्म' ठरले.

काहींनी छत्र शोधलं. सुलावेसीतल्या तोराजांच्या 'आलुक तो दोलो' परंपरेला १९६९ मध्ये आणि बोर्निओतल्या दयाकांच्या 'कहारिंगन'ला १९८० मध्ये हिंदू धर्मात सामावून घेण्यात आलं. त्यांच्या विधींत रेडे बळी दिले जातात, देवांची नावं वेगळी, मृतांविषयीच्या कल्पना वेगळ्या. कागदावर मात्र 'हिंदू कहारिंगन'. हिंदूंची संख्या वाढली म्हणून आपल्यापैकी कुणाला यात आनंद वाटत असेल, तर त्याने क्षणभर कहारिंगन मानणाऱ्याच्या जागी उभं राहून पाहावं.

ज्यांनी छत्र घेतलं नाही त्यांच्या लग्नांची नोंद होईना, त्यामुळे मुलांच्या जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव लागेना, मुलांना शाळेत दुसऱ्याच धर्माच्या तासाला बसावं लागे. २००६ च्या कायद्याने ओळखपत्रावरचा रकाना रिकामा ठेवायची मुभा दिली. पण कोरा रकाना दिसला की नोकरीत, बँकेत, दफनभूमीत प्रश्न सुरू होत.

अखेर मारापू, पारमालीम आणि इतर श्रद्धांचे काही लोक घटना न्यायालयात गेले. ७ नोव्हेंबर २०१७ रोजी न्यायालयाने एकमताने निकाल दिला: नोंदणी कायद्यातल्या 'धर्म' या शब्दात श्रद्धाही येते, रिकामा रकाना हा भेदभाव आहे. मोठा विजय. पण अंमलबजावणी करताना सरकारने श्रद्धावाल्यांसाठी ओळखपत्राचा निराळा नमुना काढला आणि त्यावर छापलं जातं 'एकमेव परमेश्वरावरील श्रद्धा'. मारापू हे नाव तिथे येत नाही. पूर्वजांच्या आत्म्यांची आराधना करणाऱ्यालाही एकमेव परमेश्वराच्या वाक्यातूनच आत यावं लागतं.

आपल्याकडे झारखंडच्या विधानसभेने नोव्हेंबर २०२० मध्ये जनगणनेत सरना धर्माचा स्वतंत्र रकाना मागणारा ठराव केला. चंद्रपूर-गडचिरोलीत कोया पुनेम मानणारे गोंडही अशीच मागणी करत आले आहेत. प्रश्न तोच आहे आणि त्याचं उत्तर आपणही दिलेलं नाही.

धर्मनिंदेचा कायदा पंचसिलेतून आला का?

त्याचं समर्थन नेहमी पंचसिलेच्या नावानेच होतं. १९६५ च्या ज्या आदेशात सहा धर्मांची नावं आहेत, तोच हा कायदा. मान्य धर्माच्या 'मूळ शिकवणुकीपासून ढळणारा' अर्थ जाहीरपणे सांगायला त्याने बंदी घातली आणि दंडसंहितेत कलम १५६-अ घुसवलं, ज्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती. मूळ शिकवणूक कोणती हे ठरवणार कोण? व्यवहारात, त्या त्या धर्माची प्रबळ संस्था.

२००९ मध्ये काही मानवाधिकार संस्था आणि गुस दुर यांच्यासारख्या व्यक्तींनी कायद्याला आव्हान दिलं. निकाल यायच्या आधीच गुस दुर गेले. १९ एप्रिल २०१० ला घटना न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने कायदा वैध ठरवला. राज्य एकमेव परमेश्वराच्या श्रद्धेवर उभं आहे, म्हणून धर्मविरोधी प्रचाराला घटनेत जागा नाही, आणि कायदा नसेल तर लोक कायदा हातात घेतील, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. विरोधात एकट्या न्यायमूर्ती मारिया फरीदा इंद्राती. हा कायदा जुन्या राजवटीतला आहे आणि सुधारलेल्या घटनेतल्या हक्कांशी तो जुळत नाही, असं त्यांनी लिहिलं. मला त्यांचं मत योग्य वाटतं.

'लोक कायदा हातात घेतील' हा युक्तिवाद दहा महिन्यांत कोसळला. जून २००८ मध्ये तीन वरिष्ठ पदाधिकाऱ्यांच्या संयुक्त आदेशाने स्वतःला मुस्लिम मानणाऱ्या अहमदिया पंथाला प्रचार थांबवायला सांगितलं गेलं होतं. ६ फेब्रुवारी २०११ ला बांतेन प्रांतातल्या चिकेउसिक गावात जमावाने अहमदियांच्या घरावर हल्ला केला आणि तिघांना ठार मारलं, पोलिसांच्या डोळ्यांदेखत. हल्लेखोरांना तीन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. हल्ल्यात जखमी झालेल्या एका अहमदियालाही सहा महिने झाले. राज्याने एखाद्या गटावर 'ढळलेला' असा शिक्का मारला की जमावाला काय ऐकू येतं, हे इथे दिसलं.

आणि आहोक. बासुकी चहाया पुर्नामा, जकार्ताचे गव्हर्नर, चिनी वंशाचे, ख्रिस्ती. सप्टेंबर २०१६ मध्ये एका भाषणात ते म्हणाले की कुराणातल्या एका आयतीचा वापर करून कुणी तुमची दिशाभूल करत असेल तर मला मत न देण्याची मोकळीक तुम्हाला आहे. त्याची काटछाट केलेली शब्दांकित चित्रफीत पसरली, २ डिसेंबरला जकार्तात लाखोंचा मोर्चा निघाला. सरकारी वकिलांनी स्वतःच कैद न घडवता परिवीक्षेवर सोडण्याची मागणी केली होती. न्यायालयाने ९ मे २०१७ ला दोन वर्षं कैद सुनावली.

नास्तिक असणं तिथे गुन्हा आहे का?

मनात असणं गुन्हा नाही. बोलणं धोक्याचं आहे. २०१२ मध्ये पश्चिम सुमात्रातल्या एका तरुण सरकारी कर्मचाऱ्याने फेसबुकवर देव नाही असं लिहिलं. त्याला जमावाने मारहाण केली आणि न्यायालयाने धार्मिक द्वेष पसरवल्याबद्दल अडीच वर्षं शिक्षा दिली. जानेवारी २०२५ मध्ये घटना न्यायालयाने 'कोणताच धर्म नाही' अशी नोंद करण्याची मागणी फेटाळली. धर्मस्वातंत्र्यात धर्म न मानण्याचं स्वातंत्र्य येत नाही, अशी ही भूमिका आहे, आणि ती थेट वर सांगितलेल्या कराराविरुद्ध जाते.

याच्या शेजारी आपल्याकडचा एक निकाल ठेवून पाहा. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की कोणत्याही नागरिकाला सरकारी फॉर्मवर धर्म लिहायची सक्ती करता येणार नाही आणि 'माझा कोणताच धर्म नाही' असं म्हणायचा हक्क कलम २५ मध्येच आहे. याचिकाकर्ते येशूला मानणारे पण स्वतःला ख्रिस्ती धर्माचे न म्हणवणारे लोक होते, आणि सरकारी मुद्रणालयाने त्यांची तशी राजपत्र-सूचना छापायला नकार दिला होता.

दोन धर्मांच्या व्यक्तींना लग्न करता येतं का?

१९७४ च्या विवाह कायद्यानुसार लग्न ज्याच्या त्याच्या धर्मानुसार झालं तरच वैध. आपल्या १९५४ च्या विशेष विवाह कायद्यासारखी वेगळी वाट नाही. काही जोडपी स्थानिक न्यायालयाकडून नोंदणीचा आदेश मिळवत, काही परदेशात लग्न करत, बहुतेकांमध्ये एक जण धर्म बदलत असे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परिपत्रक काढून असे आदेश देऊ नयेत असं न्यायाधीशांना बजावलं.

प्रार्थनास्थळ बांधायला काय लागतं?

२००६ च्या संयुक्त नियमावलीनुसार ९० उपासकांची नावं, परिसरातल्या ६० जणांचा पाठिंबा आणि दोन शिफारशी. बहुसंख्याकांना ६० सह्या सहज मिळतात, अल्पसंख्याकांना शेजाऱ्यांच्या मर्जीवर राहावं लागतं. बोगोरच्या यास्मिन चर्चला २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयात विजय मिळूनही महापालिकेने ते उघडू दिलं नाही. तिथले लोक वर्षानुवर्षं राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर रस्त्यावर प्रार्थना करत राहिले. २०२३ मध्ये दुसऱ्या जागेवर चर्च उभं राहिलं.

पण पंचसिलेमुळेच कट्टरपंथीयांना आळा बसतो ना?

बसतो, आणि म्हणूनच अल्पसंख्याकांपैकी कित्येक जण तिचे सर्वांत निष्ठावान समर्थक आहेत. नहदलातुल उलेमाने २०१९ मध्ये बिगरमुस्लिम देशबांधवांना 'काफिर' म्हणू नये, ते समान नागरिक आहेत, असं जाहीर केलं. अशी भूमिका पंचसिलेच्या वातावरणातच वाढली.

तरी हत्यार ज्याच्या हातात असतं त्याचं होतं. सुहार्तोंनी १९७८ पासून पंचसिलेचे सक्तीचे वर्ग चालवले. १९८५ च्या कायद्याने प्रत्येक संघटनेला, धार्मिक संघटनेलासुद्धा, पंचसिला हाच 'एकमेव पाया' म्हणून आपल्या संघटनेच्या घटनेत लिहायला लावलं. टीका करणारा प्रत्येक जण पंचसिलाविरोधी ठरला. २०१७ मध्ये हिज्बुत तहरीरवर बंदी आली ती अध्यादेशाने, आधी न्यायालयात न जाता. खिलाफत मागणाऱ्या या संघटनेविषयी मला कणभर ममत्व नाही, पण पंचसिलेशी कोण सुसंगत हे मंत्र्याने एका सहीने ठरवायचं, ही रीत उद्या दुसऱ्या कुणावरही चालेल.

ऑगस्ट २०२४ मध्ये हेच उलट दिशेने दिसलं. स्वातंत्र्यदिनाच्या ध्वजपथकातल्या हिजाब वापरणाऱ्या मुली शपथविधीत हिजाबाविना दिसल्या. पंचसिला संवर्धन संस्थेच्या गणवेशाच्या नियमांत एकसारखेपणा हवा होता. देशभर ओरड झाल्यावर संस्थेने माफी मागितली आणि ध्वजारोहणाला हिजाबाला मुभा मिळाली. त्याआधी २०२१ मध्ये पाडांगच्या एका सरकारी शाळेत ख्रिस्ती मुलीला हिजाब घालायला लावल्याचं प्रकरण गाजलं होतं. तीन मंत्र्यांनी अशी सक्ती आणि बंदी दोन्ही थांबवणारा आदेश काढला, तो सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. दोन्ही प्रकरणांत मुलीला काय हवं हे सर्वांत शेवटी विचारलं गेलं.

भारताच्या संविधान सभेत देवाचा प्रश्न आला होता का?

आला होता. १७ ऑक्टोबर १९४९ ला ह. वि. कामत यांनी प्रास्ताविकाची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी अशी दुरुस्ती मांडली. हृदयनाथ कुंझरू यांनी कळकळीने विरोध केला: प्रास्ताविक प्रत्येकाला श्रद्धेचं स्वातंत्र्य देतं आणि त्याच प्रास्ताविकात आपण सगळ्यांवर एक सामूहिक मत लादतो आहोत, असा त्यांचा मुद्दा होता. मतदान झालं, ४१ विरुद्ध ६८, दुरुस्ती पडली. सभेत आस्तिकच जास्त होते. तरीही त्यांनी देवाचं नाव घटनेबाहेर ठेवलं.

मग पंचसिला आणि धर्मस्वातंत्र्य यांचा मेळ बसू शकतो का?

बसू शकतो, असं मला प्रामाणिकपणे वाटतं, आणि त्यासाठी पहिलं तत्त्व पुसायची गरज नाही. १८ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी त्याचा जो अर्थ होता, तो पुरेसा आहे: हे राज्य कोणत्याही एका धर्माचं नाही. हा राज्याने स्वतःवर घेतलेला संयम होता. पुढच्या राजवटींनी त्याचं नागरिकावरचं कर्तव्य केलं. घटनेत २००० साली आलेलं कलम २८-आय म्हणतं की धर्मस्वातंत्र्य कोणत्याही परिस्थितीत कमी करता येणार नाही. पण लगेच कलम २८-जे 'धार्मिक मूल्यं' हे मर्यादेचं कारण म्हणून मान्य करतं, आणि न्यायालयं बहुतेक वेळा दुसऱ्याचा आधार घेतात. हा कल उलटणं न्यायाधीशांच्या हातात आहे. २०१७ चा निकाल दाखवतो की तो उलटता येतो.

सध्या काय बदलतं आहे?

डिसेंबर २०२२ मध्ये संमत झालेली नवी दंडसंहिता २ जानेवारी २०२६ पासून लागू झाली. कलम १५६-अ गेलं. नव्या कलम ३०० मध्ये शत्रुत्वाचं कृत्य, द्वेष आणि हिंसा-भेदभावाला चिथावणी यांवर भर आहे, कमाल शिक्षा पाचऐवजी तीन वर्षं, आणि धर्मासोबत 'श्रद्धे'लाही संरक्षण. कागदावर ही सुधारणा आहे. पण कलम ३०२ नुसार कुणाला धर्म सोडून निधर्मी व्हायला जाहीरपणे उद्युक्त करणं हा दोन वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे, आणि कलम १८८ पंचसिलेविरुद्धच्या विचारसरणीच्या प्रचाराला शिक्षा सांगतं. अहमदियांवरचा २००८ चा आदेश कायम आहे. कलम ३०० खाली पहिल्या काही खटल्यांत आरोपी कोण असतील, अल्पसंख्याकांच्या प्रार्थनेवर दगड फेकणारे की वेगळा विचार मांडणारे, यावरून या संहितेची दिशा कळेल.